चौसष्ट घरांची बेरीज

बुद्धिबळाचा पट मांडा आणि शेजारी गव्हाची वाटी ठेवा. पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, चौथ्यात आठ. प्रत्येक घरात आधीच्या घराच्या दुप्पट दाणे ठेवत जा. पहिली ओळ सहज भरते. आठव्या घरात १२८ दाणे येतात आणि ओळीची बेरीज होते २५५. गव्हाच्या हजार दाण्यांचे वजन सुमारे ४० ग्रॅम धरले, तर हा झाला दहा ग्रॅम गहू. दुसरी ओळ संपते तेव्हा पटावर ६५,५३५ दाणे असतात, म्हणजे अडीच किलोच्या थोडे वर. तिसरी ओळ संपताना सुमारे पावणेसात क्विंटल. चौथी ओळ भरेपर्यंत १७२ टन, दहा टनी सतरा ट्रक भरून वर थोडा उरेल इतका गहू. आणि अजून अर्धा पट रिकामाच आहे.

ही गोष्ट आपण लहानपणी ऐकलेली असते. खेळ शोधणाऱ्या पंडितावर राजा खूश होतो, ‘हवे ते माग’ म्हणतो, आणि पंडित हे दाणे मागतो. तेराव्या शतकातल्या इब्न खल्लिकान या अरबी चरित्रकाराने तिची नोंद केली आहे. त्याच्याकडे पंडिताचे नाव सिस्सा असे येते. त्याच्याही आधी, इ. स. १०००च्या सुमारास, अल् बिरूनीने चौसष्ट घरांची बेरीज अचूक काढून ठेवली होती. ती अशी आहे:

१,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५

इतक्या दाण्यांचे वजन सुमारे ७३,८०० कोटी टन भरते. आज सारे जग मिळून वर्षाला सुमारे ८० कोटी टन गहू पिकवते. म्हणजे साऱ्या जगाने नऊशेहून अधिक वर्षे पिकवलेला गहू त्या पटावर ओतावा लागेल.

बहुतेक वेळा गोष्ट इथे संपते. राजा थक्क होतो, आपणही होतो, आणि संख्या मागे पडते. मला मात्र ही संख्या इथून पुढे खरी रंगतदार वाटते. तिची लांबी पाहून आपण दबतो, पण तिची घडण एकदा उलगडून पाहिली की वीस अंकांचे हे धूड शाळकरी मुलालाही हाताळता येते. शिवाय या एका संख्येच्या पोटात भास्कराचार्य, ऑयलर, गाऊस आणि आपल्या खिशातला मोबाइल यांची भेट होते.

परार्धाच्या पलीकडे

आधी वाचनाचा प्रश्न. आपली रोजची मोजणी कोटीपाशी थबकते. जुन्या गणिताला शब्दांची एवढी टंचाई नव्हती. भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त एकापासून परार्धापर्यंत दहा-दहा पटींनी चढणाऱ्या अठरा स्थानांची नावे दिली आहेत. परार्ध हे त्यातले शेवटचे, एकावर सतरा शून्ये. त्या हिशेबाने आपली संख्या होते १८४ परार्ध आणि वर ४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५. यादी जिथे संपते त्याच्याही १८४ पट पुढे ती जाऊन बसते.

आता बेरजेचा प्रश्न. पटावर नीट पाहिले तर एक गोष्ट ध्यानात येते. एक, दोन आणि चार मिळून सात होतात, पुढच्या घरात आठ. त्यात आठ मिळवले की पंधरा, पुढच्या घरात सोळा. प्रत्येक घरात आधीच्या सगळ्या घरांच्या बेरजेपेक्षा नेमका एक दाणा जास्त असतो. म्हणून चौसष्ट संख्या मांडून बेरीज करायची गरजच नाही. पासष्टावे घर असते तर त्यात किती दाणे आले असते ते काढायचे आणि त्यातून एक वजा करायचा. पासष्टाव्या घरात दोनचा चौसष्टावा घात आला असता, म्हणजे चौसष्ट वेळा दोन घेऊन केलेला गुणाकार.

हा गुणाकारही चौसष्ट पायऱ्यांचा करायचे कारण नाही. घाताची संख्या निम्मी करत जायची आणि तितक्या वेळा वर्ग करायचे, ही युक्ती आपल्याकडे फार जुनी आहे. छंदशास्त्रकार पिंगलाने लघु-गुरूंचे प्रस्तार मोजण्यासाठी ती वापरली. भास्कराचार्यांनी ‘लीलावती’च्या श्रेढीव्यवहारात तिचा नियम दिला: पदांची संख्या विषम असेल तर एक वजा करून ‘गुण’ लिहा, सम असेल तर निम्मी करून ‘वर्ग’ लिहा, शेवटी शून्य उरले की उलट दिशेने हिशेब करत या. चौसष्ट ही संख्या या नियमासाठीच घडवल्यासारखी आहे. ती सहा वेळा निम्मी होते आणि वाटेत कुठेही विषम होत नाही. त्यामुळे दोनपासून निघून सहा वेळा वर्ग केला की काम झाले:

४, १६, २५६, ६५,५३६, ४,२९,४९,६७,२९६ आणि शेवटी १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१६.

एक वजा केला की आपली बेरीज हजर.

‘लीलावती’त याच जातीचे एक उदाहरण आहे. एक दाता पहिल्या दिवशी दोन कवड्या दान करतो आणि रोज दुप्पट देत जाण्याचे वचन देतो, तर महिन्याभरात तो किती निष्क देईल? तीस दिवसांसाठी नियम लावून पाहू. ३० सम, वर्ग. १५ विषम, गुण. १४ सम, वर्ग. ७ विषम, गुण. ६ सम, वर्ग. ३ विषम, गुण. २ सम, वर्ग. १ विषम, गुण. आता एकापासून उलटे या: दुप्पट २, वर्ग ४, दुप्पट ८, वर्ग ६४, दुप्पट १२८, वर्ग १६,३८४, दुप्पट ३२,७६८, वर्ग १,०७,३७,४१,८२४. एक वजा करून पहिल्या दिवसाच्या दोन कवड्यांनी गुणले की उत्तर येते २,१४,७४,८३,६४६ कवड्या. वीस कवड्यांची काकिणी, चार काकिण्यांचा पण, सोळा पणांचा द्रम्म आणि सोळा द्रम्मांचा निष्क. या कोष्टकाने ते १,०४,८५७ निष्क, ९ द्रम्म, ९ पण, २ काकिण्या आणि ६ कवड्या होतात. दोन कवड्यांपासून निघालेला दाता महिन्याअखेर लाख निष्क देऊन बसतो.

दुपटीचा हा वेग आपल्या देण्याघेण्याच्या व्यवहारालाही ठाऊक होता. एका वेळी वसूल करायचे व्याज मुदलापेक्षा जास्त असू नये, हा दामदुपटीचा नियम हिंदू कायद्यात होता आणि मुंबई इलाख्यात न्यायालयांनीही तो मानला. ‘लीलावती’ लिहिली गेली ११५० साली. चाळीसगावजवळच्या पाटण्याच्या शिलालेखात भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ स्थापल्याची नोंद आहे. दोन कवड्यांचे हे गणित त्या मठात कुणीतरी पाटीवर सोडवले असणार. त्याचे उत्तर, २,१४,७४,८३,६४६, एवढे लक्षात ठेवा. ते आपल्याला पुन्हा भेटणार आहे.

सगळे एकच एक

आता या संख्येचे अवयव पाडू. वीस अंकी संख्येचे अवयव पाडायचे म्हटले की धडकी भरते, पण इथे घडण मदतीला येते.

आपण दशमान पद्धतीत लिहितो, तिथे प्रत्येक स्थान आधीच्याच्या दहापट असते. द्विमान पद्धतीत ते दुप्पट असते आणि अंक दोनच, शून्य आणि एक. बुद्धिबळाच्या पटाची चौसष्ट घरे हीच तिची चौसष्ट स्थाने. बेरजेत प्रत्येक घर एकदाच धरलेले आहे, म्हणून आपली संख्या द्विमान पद्धतीत लिहिली तर ओळीने चौसष्ट एक येतात, मधे एकही शून्य नाही. दशमान वेशात विस्कळीत दिसणारी ही संख्या मुळात इतकी नीटनेटकी आहे.

आता वहीत हे गुणाकार करा. ११ गुणिले १०१ म्हणजे ११११. त्याला १०००१ ने गुणले की आठ एक येतात. त्याला १०००००००१ या नऊ अंकी संख्येने, म्हणजे दोन्ही टोकांना एक आणि मधे सात शून्ये असलेल्या संख्येने, गुणले की सोळा एक. दर गुणाकाराला एकांची ओळ दुप्पट लांब होते. यात हातचा कुठेच येत नाही, म्हणून हे गणित दशमान पद्धतीत खरे आहे तसेच द्विमान पद्धतीतही खरे आहे. दोन एकांपासून चौसष्ट एकांपर्यंत जायला असे पाच गुणाकार लागतात. म्हणजे सुरुवातीचा ११ धरून सहा अवयव. द्विमान पद्धतीतला ११ म्हणजे आपला ३, १०१ म्हणजे ५, १०००१ म्हणजे १७. पुढचे तीन २५७, ६५,५३७ आणि ४,२९,४९,६७,२९७.

तर चौसष्ट घरांची बेरीज म्हणजे ३ × ५ × १७ × २५७ × ६५,५३७ × ४,२९,४९,६७,२९७. ताळा करून पाहा. संख्येच्या शेवटी ५ आहे, म्हणून ५ ने भाग जातो. वीस अंकांची बेरीज ८७ येते, तिला ३ ने भाग जातो आणि ९ ने जात नाही. म्हणजे ३ हा अवयव एकदाच येतो.

फर्माचा अंदाज आणि ऑयलरची चाळणी

दोनपासून वर्ग करत मिळणाऱ्या संख्यांत एक मिळवून तयार होणारे हे सहा अवयव गणितात फर्मा संख्या म्हणून प्रसिद्ध आहेत. ३, ५, १७, २५७ आणि ६५,५३७ या पाचही मूळ संख्या आहेत. १६४०च्या सुमारास पिएर द फर्मा या फ्रेंच गणितज्ञाने पत्रांतून मत मांडले की या घराण्यातली प्रत्येक संख्या मूळच असणार. सिद्धता त्याच्याजवळ नव्हती. सहावी संख्या दहा अंकी असल्याने पडताळा घेणे अवघड होते.

१७२९ साली गोल्डबाख या गणितज्ञाने लेओनहार्ड ऑयलरचे लक्ष या प्रश्नाकडे वेधले. १७३२ साली ऑयलरने उत्तर दिले: ४,२९,४९,६७,२९७ ही मूळ संख्या नाही, तिला ६४१ ने निःशेष भाग जातो. भागाकार येतो ६७,००,४१७.

६४१ सापडतो कसा, हे पाहण्यासारखे आहे. या सहाव्या संख्येला ज्या मूळ संख्येने भाग जाईल, ती ६४च्या पटीत एक मिळवून येणारीच असली पाहिजे, हेही ऑयलरनेच सिद्ध केले. ही चाळणी हाती आली की ढीग एकदम लहान होतो. ६५, १२९, १९३, २५७, ३२१, ३८५, ४४९, ५१३, ५७७, ६४१ अशी ओळ मांडा. यातल्या मूळ संख्या तेवढ्या ठेवा: १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. पाचव्याच भागाकारात उत्तर सापडते.

आणि भागाकार न करताही ६४१ची खात्री पटवता येते. ६४१ दोन तऱ्हांनी लिहा. एक, ६४१ म्हणजे ६४० अधिक १, आणि ६४० म्हणजे ५ गुणिले दोनचा सातवा घात. दोन, ६४१ म्हणजे ६२५ अधिक १६, म्हणजे पाचचा चौथा घात अधिक दोनचा चौथा घात. आता ६४१ ने भागल्यावर काय बाकी राहते एवढेच पाहत जाऊ. ६४० ही ६४१ला एक कमी, म्हणून तिची बाकी उणे एक धरता येते. तिचा चौथा घात केला की उण्याचे अधिक होते आणि बाकी एक राहते. तो चौथा घात म्हणजे पाचचा चौथा घात गुणिले दोनचा अठ्ठाविसावा घात. पण दुसऱ्या तऱ्हेप्रमाणे पाचच्या चौथ्या घाताच्या जागी उणे सोळा, म्हणजे उणे दोनचा चौथा घात, चालतो. चार आणि अठ्ठावीस मिळून बत्तीस. तेव्हा उणे दोनच्या बत्तिसाव्या घाताची बाकी एक, म्हणजे दोनच्या बत्तिसाव्या घाताची बाकी उणे एक. त्यात एक मिळवला की बाकी शून्य. आपली सहावी फर्मा संख्या म्हणजे दोनचा बत्तिसावा घात अधिक एक. भाग गेला.

६७,००,४१७ ही मूळ संख्या आहे. म्हणून चौसष्ट घरांच्या बेरजेचे सगळे मूळ अवयव असे: ३, ५, १७, २५७, ६४१, ६५,५३७ आणि ६७,००,४१७. सात वेगवेगळ्या मूळ संख्या, प्रत्येक एकदाच. प्रत्येक अवयव घ्यायचा की सोडायचा, एवढीच निवड. सात वेळा दोन पर्याय, म्हणून या संख्येला नेमके १२८ विभाजक आहेत. १२८ म्हणजे पटाच्या आठव्या घरातले दाणे.

फर्माचा अंदाज पुढेही टिकला नाही. बारीक तपासणीअंती सहाव्यापासून तेहतिसाव्यापर्यंतच्या सगळ्या फर्मा संख्या संयुक्त निघाल्या आहेत. ६५,५३७ नंतर एकही मूळ फर्मा संख्या आजवर सापडलेली नाही.

अर्ध्या पटावरचा बहुकोन

या पाच मूळ संख्यांना भूमितीत वेगळेच भाग्य लाभले. पट्टी आणि कंपास एवढ्याच साधनांनी समभुज त्रिकोण काढता येतो, सुसम पंचकोनही काढता येतो. सप्तकोन मात्र काढता येत नाही. कोणता काढता येईल, याचे उत्तर ग्रीकांच्या काळापासून अडून होते. मार्च १७९६ मध्ये कार्ल फ्रीडरिश गाऊसने सुसम सतरा भुजांचा बहुकोन काढता येतो हे सिद्ध केले. तेव्हा तो अठरा वर्षांचा होता. पुढे त्याने नियम सांगितला आणि १८३७ मध्ये पिएर वांत्सेलने त्याची दुसरी बाजू पूर्ण केली: भुजांची संख्या विषम असेल तर ती वेगवेगळ्या मूळ फर्मा संख्यांचा गुणाकार असली पाहिजे.

पाच मूळ फर्मा संख्यांमधून असे ३१ गुणाकार होतात. त्यातला सर्वांत मोठा पाचही संख्या घेतल्यावर येतो, ४,२९,४९,६७,२९५. वर्ग करताना आलेल्या ४,२९,४९,६७,२९६ पेक्षा ती एकने कमी आहे. पटाच्या पहिल्या बत्तीस घरांत, म्हणजे अर्ध्या पटावर, इतकेच दाणे मावतात. विषम भुजांचा, पट्टी-कंपासने काढता येणारा, आजवर माहीत असलेला सर्वांत मोठा सुसम बहुकोन अर्ध्या पटावरच्या दाण्यांइतक्या भुजांचा आहे. हेर्मेस नावाच्या जर्मन गणितज्ञाने त्यातल्या फक्त ६५,५३७ भुजांच्या बहुकोनावर दहा वर्षे घालवली आणि १८९४ मध्ये काम हातावेगळे केले. ते हस्तलिखित गॉटिंगेनमध्ये जपून ठेवलेले आहे.

याच एकोणिसाव्या शतकात आपल्या संख्येला काशीचा पत्ताही मिळाला. १८८३ साली एदुआर लुकास या फ्रेंच गणितज्ञाने तीन खांब आणि चकत्यांचे कोडे बाजारात आणले. त्याच्याबरोबर काशीच्या देवळातल्या चौसष्ट सोन्याच्या चकत्यांची एक कथाही फिरू लागली. ती कथा युरोपातच रचलेली होती, पण हिशेब खरा आहे. एका वेळी एकच चकती हलवायची, मोठी चकती लहानीवर ठेवायची नाही, तर चौसष्ट चकत्या एका खांबावरून दुसऱ्यावर हलवायला १८४ परार्धांवर चाली लागतात, नेमक्या आपल्याच संख्येइतक्या. दर सेकंदाला एक चाल केली तरी सुमारे ५८ हजार ४०० कोटी वर्षे जातील. विश्वाचे वय सुमारे १,३८० कोटी वर्षे आहे.

खिशातली संख्या

आणि आज ही संख्या आपल्या खिशात आहे. मोबाइल आणि संगणक द्विमान पद्धतीत मोजतात. हल्लीचे प्रोसेसर ६४ बिटांचे असतात, म्हणजे एका वेळी चौसष्ट घरांची संख्या धरतात. सगळ्या घरांत एक भरला की ती आपली संख्या, त्या मापातली सर्वांत मोठी. तिच्यात आणखी एक मिळवला की स्कूटरचा काटा ९९,९९९ नंतर शून्यावर यावा तसे सगळे पुन्हा शून्य होते.

जुनी यंत्रे ३२ घरांची होती. त्यातले एक घर अधिक-उणे चिन्हासाठी गेले की ३१ उरतात आणि मोजणी २,१४,७४,८३,६४७ला संपते. डिसेंबर २०१४ मध्ये ‘गंगनम स्टाइल’ या कोरियन गाण्याच्या चित्रफितीची प्रेक्षकसंख्या या आकड्याच्या पुढे गेली, आणि यूट्यूबने मोजणी ६४ बिटांवर नेल्याचे सांगितले. अनेक संगणक वेळही सेकंदांत मोजतात. १ जानेवारी १९७०च्या ग्रिनिच मध्यरात्रीपासून किती सेकंद झाले, एवढीच ती नोंद असते. ज्या यंत्रांत ही नोंद अजून ३२ घरांची आहे, तिथे ती १९ जानेवारी २०३८ रोजी सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी, आपल्या घड्याळाप्रमाणे, काठोकाठ भरेल. पुढच्या सेकंदाला ती उलटून १९०१ साल दाखवू लागेल. म्हणून जगभर या नोंदी ६४ घरांवर नेण्याचे काम चालू आहे.

ही नोंद काठोकाठ भरण्याच्या बरोबर एक सेकंद आधी घड्याळात आकडा असेल २,१४,७४,८३,६४६. भास्कराचार्यांच्या दात्याने महिनाभरात दिलेल्या कवड्या. तीस दिवसांची दुप्पट आणि एकतीस घरांची मर्यादा यांचे गणित एकच आहे, म्हणून ११५०च्या उदाहरणाचे उत्तर आणि २०३८च्या घड्याळाचा आकडा एकमेकांना येऊन भिडतात.

घरात पाचवी-सहावीतले मूल असेल तर एका सुट्टीच्या दुपारी त्याच्यासोबत वही घेऊन बसा. दोनपासून सहा वेळा वर्ग करा. पहिले चार तोंडी होतील, पाचव्याला अर्धे पान लागेल, सहाव्याला पूर्ण पान. शेवटी एक वजा करा. साध्या कॅल्क्युलेटरच्या पडद्यावर वीस अंक मावत नाहीत, तो शेवटचे अंक सोडून देतो. वहीत मात्र वीसच्या वीस अंक येतात. शेवटचा अंक ५ आणि अंकांची बेरीज ८७ आली, तर गणित बरोबर असण्याची खूण मिळाली.